सपाटकाकांची टचस्क्रीन

गॅरेजच्या गल्लीत त्यांना सगळे सपाटकाका म्हणत. गाडी झाडाला घासलेली असो की खांबावर चढलेली, काका हातोडी घेऊन तिच्याशेजारी मांडी घालून बसायचे आणि पत्र्याचा पोचा आतून हळूहळू बाहेर काढायचे. मग घासायचे, रंग द्यायचे, पुन्हा घासायचे. गाडी न्यायला आलेला मालक तिच्याभोवती फेऱ्या मारून विचारायचा, "नक्की कुठे लागलं होतं हो?" हा प्रश्न ऐकला की काकांचं पोट भरायचं. पत्र्यावरचा पोचा, भोक, ओरखडा त्यांना बघवत नसे. कुणाच्या घरी गेले तरी चहा पिता पिता त्यांचा हात त्या घरच्या फ्रिजच्या दारावरून फिरत असायचा, कुठे दबलंय का ते बघत.

काकूंना मात्र कुणी सपाटकाकू म्हटलेलं खपत नसे. "माझ्याकडे बघून तरी म्हणा," असं त्या म्हणायच्या, आणि त्यांचं एकंदर आकारमान बघता त्यांचं म्हणणं रास्तच होतं. काकूंनी सगळी नोकरी एका मोठ्या दवाखान्याच्या टेलिफोनवर केली. पलीकडून कुणी रडो, ओरडो की शिव्या देवो, काकूंचा आवाज हलायचा नाही. कुठून बोलताय, पेशंट शुद्धीवर आहे का, पत्ता सांगा. घरीही तोच आवाज.

आता काकांचं खूळ. कुणाला मासे पाळायचं खूळ असतं, कुणाला जुनी कुलपं जमवायचं. काकांनी विमान केलं. आराखडे मागवून, गॅरेजमागच्या अंगणात, स्वतःच्या हातांनी, पत्र्याचं, शेजारी शेजारी दोघांना बसता येईल असं. बरीच वर्षं लागली. त्यातली काही वर्षं एक पंख घरात बाहेरच्या खोलीत आडवा होता आणि आलागेला त्याला वळसा घालून खुर्चीपर्यंत पोचायचा. काकू त्यावर टॉवेल वाळत घालायच्या. या सगळ्या काळात त्यांनी एकदाच विचारलं, "हे उडेल का?" काका म्हणाले, "उडेल." काकू म्हणाल्या, "बरं." विषय मिटला.

काकूंचं असंच होतं. लग्न झाल्यापासून काकांच्या शब्दाची त्यांनी कधी शहानिशा केली नव्हती. काका म्हणाले गाडीत पेट्रोल आहे, की आहे. काका म्हणाले छप्पर आता गळणार नाही, की गळतीखालची बादली उचलली. काकांना विमानाचा अभिमान होता हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्याहून जास्त अभिमान त्यांना काकूंच्या या विश्वासाचा होता, फक्त तो कुणाला बोलून दाखवता येत नव्हता.

विमान उडालं. काका ते गावाबाहेरच्या गवताच्या धावपट्टीवरून उडवू लागले, एकटेच. काकूंना स्टुलावर चढलं तरी गरगरायचं, म्हणून त्या शेडच्या सावलीत खुर्ची टाकून बसायच्या आणि काका खाली आले की डबा उघडायच्या. अशीच वर्षं गेली असती. पण काकांचे डोळे अधू व्हायला लागले.

विमानात त्यांच्यापुढे गोल घड्याळांसारख्या तबकड्या होत्या. एक वेग दाखवायची, एक उंची, एक दिशा. सगळ्या वेगवेगळ्या जुन्या विमानांतून काढलेल्या. एकीची काच पिवळी, एकीचे आकडे उडालेले. चष्मा लावला तर बाहेरचं दिसेना, काढला तर आतलं. शेवटी काकांनी ठरवलं, टचस्क्रीन बसवायची. सगळं एका काचेवर, आकडे हे एवढे मोठे. बाजारात बटणं आणि गोल खिट्ट्या असलेल्या स्क्रीनही होत्या. काकांनी नेमकी अशी निवडली जिला एकही बटण नव्हतं. पत्र्याला पत्रा भिडावा तशी ती जागेवर बसणार होती. हात फिरवला तर कुठे अडणार नव्हता.

धावपट्टीवर शेजारच्या शेडमध्ये घड्याळवाले होते. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि तेही विमान बांधत होते, पण इतक्या सावकाश की ते पूर्ण व्हावं अशी त्यांची इच्छा आहे की नाही याची लोकांना शंका यायची. त्यांनी स्क्रीनच्या तारा जोडायला मदत केली आणि एकच अट घातली.

"वेगाची जुनी तबकडी काढायची नाही. तिला वीज लागत नाही, वारा लागतो. आणि वर वारा कायम असतो. ही काच उद्या रुसली तर काय करशील?"

"ठेवतो की," काका म्हणाले. आणि ठेवलीही.

स्क्रीन लावली त्या दिवशी घड्याळवाल्यांनी करंगळी टेकवली आणि काच उजळली. आकाश निळं, जमीन मातकट, मधे आकडे. काकांचा जीव हरखला. घड्याळवाले घरी गेल्यावर त्यांनी स्वतः बोट ठेवलं. काहीच झालं नाही. जरा दाबून ठेवलं, तरी नाही. दुसरं बोट, तिसरं बोट, अंगठा. काच काकांकडे ढिम्म बघत राहिली.

काकांच्या ध्यानात आलं. जन्मभर हातोडी, कानस आणि तापलेला पत्रा यांनी त्यांच्या बोटांची टोकं कातड्याच्या बुटासारखी करून टाकली होती. बँकेतलं ठसा घेणारं मशीनही त्यांना कधी ओळखायचं नाही. तिथे ते त्यावर विनोद करायचे. इथे विनोद सुचला नाही. त्यांनी बोट जिभेला लावलं आणि टेकवलं. काच जागी झाली. बरं, म्हणजे ओलं बोट चालतं. बोटाचा मधला सांधा वापरला तर तोही चालतो, पण जाडजूड सांध्याखाली चार-चार चौकोन एकदम यायचे.

दुसऱ्या दिवशी काकूंना ते ओट्याशी उभे राहून बोटांची टोकं पॉलिश पेपरने घासताना दिसले.

"हे काय चाललंय?"

"काही नाही. रंग निघत नाहीये."

"बरं," काकू म्हणाल्या.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. घड्याळवाल्यांना सांगितलं असतं तर त्यांनी "मी म्हणत नव्हतो?" म्हणून गल्ली डोक्यावर घेतली असती. सकाळच्या शांत हवेत काका एकटे वर गेले, बोट चाटून चाटून काच चालवली आणि उतरले. पुन्हा गेले, पुन्हा उतरले. सगळं सुरळीत. आता त्या नितळ काचेशेजारी ती जुनी तबकडी मात्र त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली. नवीन रंग दिलेल्या पत्र्यात एक भोक आणि त्यात म्हातारी, पिवळी तबकडी. काका आठवडाभर तिच्याकडे कानाडोळा करत राहिले. शुक्रवारी राहवलं नाही. तबकडी काढली, भोकावर पत्रा बसवला, घासला, रंगवला. हात फिरवून बघितला. तिथे कधी काही होतं, असं कुणाच्या बापाला कळलं नसतं.

आणि त्याच संध्याकाळी काकू म्हणाल्या, "या रविवारी मी पण येते वर."

काकांना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"तुम्हीच म्हणालात ना, आता ती काच सगळं दाखवते, जमीन कुठे आहे ते पण. घरात बसल्यासारखं आहे म्हणालात. मग येते."

हे काका खरंच म्हणाले होते. जेवताना, सहज, दोन-तीनदा. आता बोलायची वेळ होती. त्यांनी तोंड उघडलंही. पण काकूंनी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वर यायचं म्हटलं होतं. काका म्हणाले, "ये की."

रविवारी सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं, पण घरातली कामं, डबा, डोक्याला बांधायला रुमाल, यात ऊन चांगलंच वर आलं. घड्याळवाले आपल्या शेडच्या दारात उभे होते. "ऊन तापलंय, हवा उसळेल," ते म्हणाले. काका म्हणाले, "जवळच जाऊन येतो." काकूंना आत बसवून पट्टे बांधायला जरा झटापट झाली. मग इंजिन सुरू झालं, गवत मागे पळायला लागलं आणि जमीन सुटली.

काकूंनी डोळे गच्च मिटले होते. थोड्या वेळाने एक उघडला. मग दुसरा. खाली नदी होती, रस्त्यावरून खेळण्यातल्यासारख्या गाड्या सरकत होत्या.

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "किती छान आहे हो हे."

त्या एका वाक्यासाठी काकांनी तो पंख बाहेरच्या खोलीत ठेवला होता असं म्हटलं तरी चालेल. त्यांना भरून आलं. आणि माणसाला भरून आलं की तो नको ते करायला जातो. टेकड्यांवरून वळून घराकडे तोंड केल्यावर काका म्हणाले, "थांब, तुला नकाशावर आपलं घर दाखवतो." बोट जिभेला लावलं, काचेकडे नेलं, आणि नेमका टेकडीवरच्या तापल्या हवेचा धक्का बसला. विमान उसळलं. बोट भलतीकडेच पडलं. काचेवर एक यादी उघडली. काकांनी ती मिटवायला सांधा टेकवला, पुन्हा धक्का. यादी गेली आणि आकाश, जमीन, आकडे परत आले. काकांनी सुस्कारा सोडला.

"घर कुठंय?" काकूंनी विचारलं.

"राहू दे, पुढच्या वेळी. आता हवा जरा वाईट आहे." त्यांनी इंजिनचा जोर कमी केला आणि विमान हळूहळू खाली घ्यायला लागले. नजर काचेवर. उंची भरपूर होती. अजून कमी केला. तरी उंची भरपूर.

काकू काचेकडे बघत होत्या. "अहो, यात समुद्र का दाखवतात?"

"तळं असेल."

"एवढं मोठं? आपल्याकडे?"

विमान गचके खात होतं आणि काकांचं सगळं लक्ष उंचीच्या आकड्याकडे होतं. आकडा म्हणत होता, अजून पुष्कळ वाव आहे. काकू आता बाहेर बघत होत्या.

"आपण खूप खाली आलोय का?" त्या म्हणाल्या. "त्या गच्चीवर दोरीवर कपडे आहेत. मला चिमटे दिसतायत."

काकांनी मान वर केली. समोर टेकडीच्या उतारावरची घरं होती, आणि ती खाली नव्हती, समोर होती. पाण्याच्या टाक्या, जिन्यांचे कठडे, एका गच्चीवर एक बाई हातातली बादली तशीच धरून वर बघत होती. काकांनी इंजिनचा पूर्ण जोर दिला आणि नाक वर करायला पुढ्यातली दांडी मागे ओढली. इंजिन किंचाळलं. गच्च्या पोटाखालून सरकल्या. काकूंनी सीटची कड धरली.

वर आल्यावर काकांनी विमान डावीकडे वळवलं. काचेतलं विमान सरळच चाललं होतं. काकांनी वळण संपवलं, तर काचेतलं विमान ऐटीत उजवीकडे कललं, निळ्याशार समुद्रावर.

"इथे वर कोपऱ्यात बारीक लिहिलंय," काकू म्हणाल्या. "नमुना उड्डाण."

मघाशी यादीतलं भलतंच काहीतरी दाबलं गेलं होतं. म्हणजे काच त्यांना दुसऱ्याच कुणाचं तरी विमान दाखवत होती. दुकानात गिऱ्हाइकाला भुलवायला भरून ठेवलेलं, आधीच कधीतरी उडून सुखरूप उतरलेलं. ती उंची यांची नव्हती. तो वेगही यांचा नव्हता.

"काही नाही, बंद करतो," काका म्हणाले. बोट जिभेला लावलं. जीभ लाकडासारखी कोरडी होती. तोंडचं पाणी पळतं म्हणतात, ते नेमकं तेव्हाच पळालं होतं. कोरडं बोट त्यांनी काचेवर दाबलं, घासलं, ठोकलं. समुद्रावरचं विमान मजेत चाललं होतं. त्यांनी सांधा टेकवला, धक्का बसला, हात घसरला. ते खाली वाकून नेम धरायला लागले.

"अहो, समोर बघा!"

विमानाचं नाक खाली गेलं होतं आणि वारा भणभणत होता. काकांनी ते सरळ केलं. एका हातात दांडी, दुसरा काचेपाशी अधांतरी. शेजारी बसलेल्या बाईची दहाही बोटं मऊ, स्वच्छ, रिकामी होती. फक्त तोंड उघडून सांगायचं होतं. आता सांगायला हरकत कसली, असं कुणालाही वाटेल. पण काकांना ते तेव्हा गच्चीवर आपटण्याइतकंच अवघड वाटलं, हे खोटं नाही. बरं दिसावं म्हणून जन्मभर झटलेला माणूस तो.

विमान पुन्हा आदळलं. काकूंचा डोक्याचा रुमाल सुटून मांडीवर पडला.

"माझं बोट याला कळत नाही," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"कातडी जाड आहे. पहिल्या दिवसापासून कळत नाही. थुंकी लावून चालवत होतो. आता थुंकी पण नाही. तू दाब."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग त्यांचा तो टेलिफोनवरचा आवाज आला.

"कुठे दाबू?"

"कोपऱ्यात फुली आहे का?"

"आहे. दाबली. विचारतंय, नमुना बंद करायचा का. बंद केला तर यंत्र पुन्हा सुरू होईल. होय म्हणू?"

"म्हण."

"होय दाबून धरा म्हणतंय." काकूंचा हात दर धक्क्याला निसटत होता. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट काचेवर टेकवून धरलं आणि बोट हलू दिलं नाही. समुद्र विझला. काच काळी झाली, मग पांढरी, मग तिच्यावर एक रिकामी पट्टी आली.

"लिहिलंय, विमान स्थिर ठेवा. पट्टी भरतेय. अर्धी झाली." धक्का. "पुन्हा पहिल्यापासून."

"हवा अशीच राहणार. ती भरायची नाही," काका म्हणाले.

"मग ते जुनं घड्याळ बघा ना. वेगाचं. घड्याळवाले म्हणाले होते मला, एक ठेवलंय, तुम्ही निश्चिंत बसा म्हणून." काकूंची नजर समोरच्या पत्र्यावरून फिरली, इकडून तिकडे. गुळगुळीत, चकचकीत पत्रा. "कुठंय ते?"

"काढलं."

"कधी?"

"परवा."

"का?"

काका समोर बघत होते. दूर धावपट्टीची हिरवी रेघ दिसायला लागली होती. "बरं दिसत नव्हतं," ते म्हणाले.

काकू पुन्हा काचेवरच्या पट्टीकडे बघायला लागल्या. काकांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

उतरताना वेग कळला नाही तर काय होतं ते काकांना पक्कं माहीत होतं. फार हळू झालं तर पंख वारा सोडतात आणि विमान दगडासारखं पडतं. फार जोरात आलं तर जमिनीला टेकायला तयार होत नाही, आणि ही पट्टी काही मोठी नव्हती. शेवटी कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे नाला. काकांनी कान दिला. वाऱ्याचा आवाज पत्र्यावरून कसा जातो ते त्यांनी इतकी वर्षं ऐकलं होतं, पण लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं. हा आवाज नेहमीचा की जरा बारीक? दांडी जड लागतेय की सैल? त्यांना खात्री नव्हती. त्यांनी ठरवलं, चुकायचंच तर जोराच्या बाजूने चुकायचं. कुंपण परवडलं.

"घट्ट बसा," ते म्हणाले. ते काकूंना कधी अहोजाहो करत नसत, पण त्या वेळी तेच तोंडातून निघालं.

पट्टीचं अलीकडचं टोक खालून गेलं. विमान टेकेना. गवतावर हातभर उंचीवर तरंगत राहिलं, शेड मागे गेली, शेडच्या दारातले घड्याळवाले मागे गेले. काकांनी दांडी हळूच मागे घेतली. चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली. काकांनी ब्रेकवर सगळा भार दिला. कुंपणाचे खांब मोठे होत आले, एकेका खांबाचा उडालेला रंग दिसायला लागला. शेवटी त्यांनी एकाच बाजूचा ब्रेक दाबला. विमान गर्रकन फिरलं, पंखाचं टोक खांबावर आपटलं आणि सगळं थांबलं. काकांनी इंजिन बंद केलं. काचेवर पट्टी शांतपणे भरत आली, पूर्ण भरली आणि आकडे उजळले. वेग शून्य. उंची, जमीन.

काकांचे पाय अजून ब्रेकवर होते. ते काढायचे असतात हे त्यांना आठवत नव्हतं. "लागलं का कुठे?" त्यांनी विचारलं. काकूंनी मानेनेच नाही म्हटलं, पट्टा सोडला, आणि चढताना जिला दोघांना आधार द्यावा लागला होता ती बाई एकटी खाली उतरली. विमानापासून थोडं लांब जाऊन त्या गवतात बसल्या. त्यांचे खांदे हलत होते. काका खाली उतरले, पण जवळ न जाता पंखापाशीच थांबले. असलं माणूस आपण जवळजवळ मारलं होतं, आणि कशापायी, तर एका भोकापायी. त्यांना स्वतःची शिसारी आली.

घड्याळवाले धापा टाकत आले. "काय झालं? एवढ्या जोरात का आलास?" ते पुढे झाले आणि त्यांची नजर आत गेली. जिथे तबकडी असायला हवी तिथल्या पत्र्यावर ती थबकली. त्यांनी काकांकडे बघितलं. काका पंखाचं आपटलेलं टोक बघायला लागले.

काकू उठल्या, पदराने तोंड पुसलं आणि जवळ आल्या.

"हवा वाईट होती," त्या घड्याळवाल्यांना म्हणाल्या. आवाज पुन्हा एका पट्टीत. "यांनी नीट उतरवलं. जरा पंखाला लागलंय तेवढं. तुम्ही हात लावता का, आत ढकलू या."

तिघांनी मिळून विमान शेडमध्ये ढकललं. काकू मधे होत्या, इतर दोघांएवढाच जोर लावत.

घरी येताना गाडीत काकू भाजीबद्दल बोलल्या, शेजारणीच्या दाताबद्दल बोलल्या. काका म्हणाले, "तबकडी उद्याच परत बसवतो." काकू म्हणाल्या, "बसवा." काका म्हणाले, "बटणंवाली स्क्रीन बघतो. नाहीतर सगळं विकूनच टाकतो. तू म्हणशील तसं." काकू म्हणाल्या, "विकायला कशाला? तुमचा जीव आहे त्यात." त्यात राग नव्हता. काकांनी राग शोधून पाहिला. तो सापडला असता तर त्यांना धीर आला असता.

संध्याकाळी काकूंनी नेहमीसारखी पानं घेतली. खिडकीबाहेर अजून उजेड होता. दोघं जेवायला बसले. काका जेवत होते आणि हळूहळू त्यांचा जीव भांड्यात पडत होता. काकू त्याच होत्या, ताट तेच होतं, आमटी गरम होती.

"मागचं दार लावलं का?" काकूंनी विचारलं. "मांजर शिरतं."

"लावलं," काका म्हणाले.

काकूंनी एक घास घेतला. मग दुसरा. मग त्या हात ताटाच्या कडेला टेकून, गुडघ्यावर भार देत उठल्या. काकांना वाटलं, मीठ आणायला चालल्या असतील. पण त्या स्वयंपाकघर ओलांडून मागच्या बोळात गेल्या. काकांचा घास हातातच राहिला. त्यांना कडीचा आवाज ऐकू आला. काकू ती ओढून बघत होत्या.

दार लावलेलंच होतं.